पडद्यावर आम्हाला काही सापडावे म्हणून : कोकणातल्या संकेतस्थळांच्या कर्त्यांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सरकारी-निमसरकारी संकेतस्थळांच्या निविदा काढणारे अधिकारी, ती पाने बांधणाऱ्या कंपन्यांतली मुले-मुली, आणि रोज त्यांवर सूचना चढवणारे कर्मचारी यांस

स. न. वि. वि.

अंध माणसेही संगणक वापरतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण पडद्यावरची एखादी गोष्ट त्यांना सापडते कशी, हे शेजारी बसून पाहिलेले लोक फार थोडे. ते सांगावे म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी देवगड तालुक्यात राहते आणि दृष्टिबाधितांना संगणक शिकवते. मला स्वतःला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी रातांधळेपणा आला, मग नजरेच्या कडा एकेक करून गेल्या. आज समोरचा लहानसा गोल तुकडा दिसतो, त्याच्या भोवतीचे काही दिसत नाही. तेव्हा पुढे जे लिहिले आहे त्यातले काही शिकवताना कळलेले आहे आणि काही माझे रोजचे आहे.

डोळस माणसासमोर पान उघडले की त्याची नजर क्षणात सगळीकडे फिरून येते. वरचा पट्टा, डावीकडची यादी, मधला ठळक मजकूर, कोपऱ्यातले बटण. नको असलेले तो वाचतही नाही. हे इतक्या लवकर होते की आपण काही शोधले, असे त्याला वाटतच नाही. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकणाऱ्याला ही सोय नाही. आवाज एका वेळी एकच गोष्ट सांगतो आणि ती संपल्यावर पुढची. आपल्याकडचा एखादा सामायिक सातबारा तलाठ्याने चावडीवर पहिल्या खातेदारापासून मोठ्याने वाचायला घ्यावा आणि आपले नाव येईपर्यंत तुम्ही उभे राहावे, तसे ते पान ऐकावे लागते.

म्हणून मुरलेला माणूस पूर्ण पान कधी ऐकत नाही. तो उड्या मारत जातो. माझे बहुतेक विद्यार्थी एनव्हीडीए वापरतात. हा स्क्रीन रीडर मोफत आहे. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, कारण तोवरचे चांगले स्क्रीन रीडर सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारे नव्हते. पान उघडल्यावर त्यात 'एच' दाबले की आवाज थेट पुढच्या शीर्षकावर जातो. 'के' दाबले की पुढची लिंक, 'बी' दाबले की बटण, 'एफ' दाबले की फॉर्ममधली पुढची चौकट, 'टी' दाबले की तक्ता. शिफ्टसोबत तीच कळ दाबली की उलट दिशेने. इन्सर्ट आणि एफ-७ एकत्र दाबले तर पानावरच्या सगळ्या लिंका किंवा सगळी शीर्षके एका यादीत येतात, आणि त्या यादीत दोन-चार अक्षरे टाइप केली की तेवढ्याच जुळणाऱ्या ओळी उरतात. हे सगळे सवयीच्या माणसाकडून इतक्या वेगाने होते, आणि आवाजही त्याने इतका जलद लावलेला असतो, की शेजारच्याला त्यातला एक शब्द कळत नाही. अमेरिकेतली वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची वेळोवेळी सर्वेक्षणे घेते. लांबलचक पानावर माहिती शोधायची तर आधी काय करता, या प्रश्नाला तिथे सर्वांत जास्त लोकांचे उत्तर 'शीर्षकांवरून जातो' हेच असते.

आता यात तुमचा भाग कुठे येतो, ते पाहा. 'एच' दाबल्यावर उडी तेव्हाच बसते, जेव्हा पान बांधणाऱ्याने त्या ओळीला खरोखर शीर्षक म्हणून खूण केलेली असते. अक्षरे मोठी केली, ठळक केली, भगवा रंग दिला, तर डोळ्यांना ते शीर्षक वाटेल. आवाजाला ती इतर ओळींसारखीच एक ओळ. मग 'एच' दाबून काहीच हाती लागत नाही, आणि सुरुवातीपासून ऐकणे एवढेच उरते : मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, प्रशासकीय रचना, छायाचित्र दालन, संपर्क. प्रत्येक पानावर पुन्हा तेच.

लिंकांचेही तसेच. माझ्याकडे शिकलेली कणकवलीची एक मुलगी मध्यंतरी भरतीची जाहिरात शोधत होती. कार्यालयाचे नाव इथे लिहीत नाही, कारण ते एकट्याचे दुखणे नाही. तिने लिंकांची यादी काढली. यादीत 'डाउनलोड', 'डाउनलोड', 'डाउनलोड', 'येथे क्लिक करा', पुन्हा 'डाउनलोड'. डोळस माणसाला त्या बटणाच्या डावीकडे कशाची फाइल आहे ते दिसते. तिच्या यादीत डावी बाजूच नव्हती. तिने एकेक फाइल उघडायला घेतली. उघडली तर ती स्कॅन केलेली, म्हणजे कागदाचा फोटो. त्यातला मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर आहे, पण कागद तिरका ठेवून स्कॅन केला असेल आणि नेमक्या तारखेवर गोल शिक्का उमटला असेल, तर तेही अडखळते. ती मुलगी पदवीधर आहे, टायपिंग माझ्यापेक्षा चांगले करते. शेवटी तिने भावाला हाक मारली. भावाला जाहिरात लगेच दिसली. त्या वेळी तिचा चेहरा मला दिसला नाही, पण ती बराच वेळ काही बोलली नाही.

तोच कागद तुमच्या संगणकावर टाइप झालेला असतो, हे मला सर्वांत जास्त लागते. टाइप केलेली फाइल हाताशी असताना तिची प्रिंट काढायची, सही करायची, स्कॅन करायचा आणि चित्र चढवायचे. सहीचा कागद हवा तर जरूर ठेवा. त्याच्या सोबत मूळ टाइप केलेली फाइलही ठेवा, एवढेच मागणे आहे. आणि ती युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक अक्षरसंकेतांत, असू द्या. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही जुन्या फॉन्टांतले मराठी अजून फायलींतून येते. पडद्यावर ते मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ असते. स्क्रीन रीडर तीच वाचतो. कंट्रोल-एफ दाबून त्यात 'वेंगुर्ले' शोधले तर ते सापडत नाही. इथे तर डोळसांचेही तितकेच नुकसान आहे.

हवामानाच्या इशाऱ्यांबद्दल मला वेगळे सांगायचे आहे. आपण किनाऱ्यावर राहतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्या समोरून वर गेले, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. अशा दिवसांत पोस्टर फिरतात : लाल पार्श्वभूमी, जिल्ह्याचा नकाशा, वाऱ्याचा वेग, मदतीचे क्रमांक, सगळे एकाच चित्रात. स्क्रीन रीडर त्यावर येतो, 'ग्राफिक' म्हणतो आणि पुढे जातो. फार तर फाइलीचे नाव वाचतो, आणि ते नाव म्हणजे नुसते आकडे. होडी किनाऱ्यावर ओढायची का, शाळा बंद आहे का, कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, यातले काहीही त्या माणसापर्यंत जात नाही. चित्राखाली तोच मजकूर दोन ओळींत टाइप करायला कितीसा वेळ लागतो? या पत्रातली एकच गोष्ट ऐकणार असाल, तर ही ऐका. बाकी गोष्टींत वेळ जातो, अपमान होतो. इथे जीव जाऊ शकतो.

आतापर्यंत मी ऐकणाऱ्यांबद्दल लिहिले. पण माझ्यासारखे, म्हणजे थोडेफार दिसणारे, तुमच्या हिशेबात बहुधा येतच नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अल्पदृष्टीची व्याख्या आहे. शक्य ते सर्व उपाय करूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पर्यंत किंवा त्याहून कमी, ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. ६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला जे १८ मीटरवरून दिसते, ते बघायला ६ मीटरवर यावे लागणे. याच व्याख्येत दोन अगदी वेगळी माणसे बसतात, आणि त्यांची शोधण्याची पद्धत एकमेकांच्या उलट असते.

माझ्या काकांचे पाहा. वय झाल्यावर त्यांच्या डोळ्यांतला मधला पडदा झिजला. त्यांना कडेचे दिसते, मधले दिसत नाही. ज्याच्याकडे थेट पाहावे तेच पुसले जाते. हापूसच्या बागेचा विम्याचा अर्ज भरताना ते मान वाकडी करून, नजरेच्या कडेने पडदा चाचपतात. कडेच्या नजरेला जवळजवळची अक्षरे एकमेकांत मिसळलेली दिसतात. म्हणून चिन्हे मोठी हवीत आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा हवी. अमेरिकेत ज्युली जॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालच्या आसपास नेमका हाच अभ्यास केला : कमी दिसणारी माणसे पडद्यावर चिन्हे कशी शोधतात. चष्म्याचा नंबर काढताना मोजतात ती तीक्ष्णता एकटी पुरत नाही. रंगछटांतला फरक किती कळतो, दृष्टिक्षेत्र किती आहे, रंग कसे दिसतात, यांवरही शोधणे अवलंबून असते, हे त्यांच्या कामातून पुढे आले.

माझे याच्या उलट. मला मधले दिसते, कडेचे नाही. अक्षर फार मोठे केले तर एका वेळी तीनच अक्षरे माझ्या गोलात मावतात आणि शब्दाचा अर्थ सुटतो. मला मध्यम आकार, काळ्यावर पांढरे किंवा पिवळे, आणि सगळे जवळजवळ हवे. सरकारी पानांच्या माथ्यावर 'अ+ अ अ-' अशी बटणे असतात. हेतू चांगला आहे, पण ती लावून काम झाले असे कृपया समजू नका. काकांना ती थोडी उपयोगी पडतात, मला नाही. आणि ती बटणे शोधायची तर आधी तीच दिसायला हवीत.

विंडोजचे भिंग वापरणाऱ्याला काय दिसते, तेही सांगते. विंडोजची कळ आणि अधिकचे चिन्ह दाबले की पडदा मोठा होतो. चौपट मोठा केला की एका वेळी पडद्याचा सोळावा भाग समोर राहतो. बाकीचे पंधरा भाग आहेत, पण बाहेर. त्यांत काय आहे, हे आठवणीवर किंवा अंदाजावर. आम्ही बहुतेकजण डावी कड धरून खाली येतो, कारण मजकूर डावीकडून सुरू होणार एवढी खात्री असते. आता फॉर्मवर 'अर्जदाराचे नाव' हे शब्द डाव्या टोकाला आणि भरायची चौकट उजव्या टोकाला असेल, तर मधल्या पांढऱ्या पट्ट्यात माणूस हरवतो. परत येताना तो खालच्या ओळीवर उतरतो आणि वडिलांच्या नावाच्या चौकटीत स्वतःचे नाव लिहितो. 'पुढे' दाबल्यावर चूक कळवणारा लाल मजकूर पानाच्या माथ्यावर येतो. आम्ही तळाशी असतो. आमच्या लेखी काहीच घडलेले नसते. आम्ही पुन्हा 'पुढे' दाबतो, पुन्हा दाबतो, आणि सर्व्हर बंद आहे असे समजून उठतो. चुकीची सूचना चुकलेल्या चौकटीला लागून दाखवा आणि तिथेच कर्सर न्या. स्क्रीन रीडरवाल्यांचेही त्याने भागते.

फिक्या करड्या अक्षरांबद्दल थोडक्यात. डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका फरक हवा, असे आहे. तो मोजणारी साधने फुकट मिळतात. तसेच, ४०० टक्के मोठे केल्यावर पान आडवे सरकवावे लागू नये, मजकूर एका रकान्यात खाली उतरावा, असेही त्यात आहे. २०१८ पासून आहे. फोनवर नीट दिसणारे पान बांधणाऱ्याला हे अवघड नाही.

वरून सरकणारी ती सूचनांची पट्टी मात्र काढून टाका. ताज्या आणि महत्त्वाच्या सूचना तुम्ही नेमक्या तिच्यात घालता. भिंगातून ती अर्धा शब्द दाखवते आणि निघून जाते. काकांची मान वळेपर्यंत ती गेलेली असते. माझ्या गोलात ती येते तेव्हा वाक्याचा शेवट असतो. त्याच सूचना स्थिर यादीत, तारखेसह, एकाखाली एक ठेवा.

गाव निवडण्याच्या यादीबद्दल एक विनंती. ब्राउझरची साधी यादी असेल तर मराठी कीबोर्डवर 'द' दाबले की द-वरून सुरू होणाऱ्या गावांवर उडी बसते. दिसायला सुंदर म्हणून कंपन्या स्वतःची यादी रंगवतात. तिच्यात ही उडी अनेकदा बसत नाही, आणि बाणाची कळ दाबत पूर्ण तालुका उतरावा लागतो. साधी यादी असूनही प्रत्येक गावाआधी 'मौजे' लावले असेल, तर कोणतेही अक्षर दाबून उपयोग नाही, सगळीच गावे म-वर. असली गोष्ट कोणत्याही तपासणीच्या सॉफ्टवेअरला सापडणार नाही. वापरणाऱ्याला पहिल्याच मिनिटात सापडते.

आता कायद्याकडे येते. २०१६ च्या अधिनियमाचे कलम ४२ माहिती आणि तंत्रज्ञान सुगम, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल असे, असावे असे सांगते. त्यासाठीचे भारतीय मानक आयएस १७८०२ आहे. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवर त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. केवायसीसाठी डोळे मिचकावून दाखवा असे म्हणणाऱ्या पडद्यासमोर अंध माणसाने काय करायचे, हा त्यातला एक प्रश्न होता. तेव्हा मी जे मागते आहे ते कोणाच्या दयेवर अवलंबून नाही. तुमच्या निविदेत ते आधीच असायला हवे होते.

मला अनेकदा सांगतात, अहो ताई, सेवा केंद्रात या ना, आम्ही भरून देतो. सांगणारी माणसे मनाने चांगली असतात आणि त्यांनी अडल्यावेळी मदत केलेली आहे. पण 'भरून देतो' याचा अर्थ काय होतो, तो ऐका. माझ्या फोनवर आलेला ओटीपी मी रांगेतल्या लोकांदेखत मोठ्याने सांगायचा. खात्यात किती पैसे आहेत, ते दुसऱ्याने वाचायचे. माझ्या आजाराचे प्रमाणपत्र गावातल्या ओळखीच्या मुलाने पाहायचे. त्याने कोणती चौकट भरली आणि कोणती सोडली, यावर मी विश्वास ठेवायचा. माझ्याकडे शिकणाऱ्या एका बाईंना नवऱ्याला न सांगता आपल्या पेन्शनची स्थिती पाहायची होती. त्यांना कोणत्या केंद्रात पाठवू? पान नीट बांधलेले असते तर त्या ते स्वतः, घरात, कानाला हेडफोन लावून पाहू शकल्या असत्या.

आणखी एक. दिसत नसलेल्या माणसाला पान पाठ असते. 'तिसरे शीर्षक, मग दोन टॅब, मग एंटर' अशी वाट आम्ही एकदा शोधून काढतो आणि मग तीच रोज वापरतो. तुम्ही नवे रूप आणता तेव्हा ती वाट एका रात्रीत पुसली जाते. रूप बदलू नका असे म्हणत नाही. बदलण्याआधी पंधरा दिवस सूचना द्या, मुख्य कामांचा क्रम शक्यतो तोच ठेवा, आणि अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात तर काहीही हलवू नका.

आता करायचे काय. पान बांधणाऱ्यांनी एक दुपार माऊस काढून ठेवावा, एनव्हीडीए उतरवून घ्यावा, पडदा बंद करावा आणि आपल्याच पानावर एक अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा. सूचना चढवणाऱ्यांनी फाइलीला आणि लिंकेला विषयाचे नाव द्यावे : 'आरोग्यसेवक भरती, सावंतवाडी, अर्जाची अंतिम तारीख' असे. अधिकाऱ्यांनी निविदेत आयएस १७८०२ नावाने लिहावे आणि स्वीकृतीच्या चाचणीला माणसे बोलवावीत : एक पूर्ण ऐकणारा, एक भिंग वापरणारा, एक माझ्यासारखे अरुंद क्षेत्र असलेला. तिघांना तिघांच्या वेगळ्या अडचणी सापडतील. यांत्रिक तपासणीचा अहवाल सोबत जोडा, पण त्यावर थांबू नका. चित्राऐवजी स्क्रीन रीडरने वाचायचा पर्यायी मजकूर म्हणून 'चित्र १' एवढेच दिले तरी यंत्र त्याला पास करते.

सुरुवात आपत्तीच्या इशाऱ्यांपासून करा, मग भरती, मग दिव्यांगांच्या योजनांची पाने. चाचणीसाठी माझे विद्यार्थी तयार आहेत. कणकवली, मालवण, राजापूर, म्हणाल तिथे ते येतील. त्यांना प्रवासखर्च आणि कामाचे मानधन द्या, आणि त्यांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त होईपर्यंत कंत्राटदाराचे शेवटचे बिल मंजूर करू नका.

आपली,
एक संगणक शिक्षिका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग